सेव्हिलचे चार म्हणजे आपले सव्वादोन

मे महिन्याच्या सुटीतल्या युरोप सहलींच्या जाहिरातींत हल्ली स्पेन ठळकपणे दिसतो. २०११ मध्ये 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' पाहून स्पेनला जायचे मनाशी ठरवणारी पिढी आता चाळिशीत आहे. हाताशी चार पैसे आहेत आणि आई-वडील सत्तरी ओलांडून गेले आहेत. 'त्यांचे पाय चालताहेत तोवर एकदा नेऊन आणू' असे अनेक घरांत बोलले जाते. विचार चांगलाच आहे. अडचण आहे ती ठिकाण आणि महिना यांच्या जोडीची. सेव्हिल, कॉर्डोबा आणि ग्रॅनाडा ही शहरे ज्या अंदालुसिया प्रांतात आहेत, तो युरोपातल्या सर्वांत तापणाऱ्या भागांपैकी एक आहे. नातवंडांच्या सुटीनुसार आपण जो काळ निवडतो, तो नेमका तिथला तापमान चढण्याचा काळ.

गेल्या काही वर्षांतल्या नोंदी पाहिल्या की हे लक्षात येते. १४ ऑगस्ट २०२१ रोजी कॉर्डोबाजवळच्या ला राम्ब्ला येथे ४७.६ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. तो स्पेनचा विक्रम आहे. २८ जून २०२५ रोजी वेल्वा भागातल्या एल ग्रानादो येथे पारा ४६ अंशांवर गेला आणि जून महिन्याचा विक्रम मोडला. मला यांपेक्षा महत्त्वाची वाटते ती २७ एप्रिल २०२३ ची नोंद. त्या दिवशी कॉर्डोबाच्या विमानतळावर ३८.८ अंश तापमान होते. एप्रिलमध्ये! 'जुलै-ऑगस्ट टाळा, बाकी युरोप थंडच असतो' हा सल्ला अंदालुसियापुरता तरी जुना झाला आहे.

या उष्णतेचा भार कोणावर पडतो, हेही आता आकड्यांत उपलब्ध आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ६१ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकातील अभ्यासाने मांडला. त्यातले ११ हजारांहून अधिक एकट्या स्पेनमधले होते. एकूण मृतांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्ती साधारण ऐंशीच्या किंवा त्यापुढच्या होत्या आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. यातले फार थोडे मृत्यू 'उष्माघात' या नावाखाली नोंदले जातात. बहुतेकांच्या बाबतीत हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचा जुना आजार उन्हाने बळावतो.

यावर आपल्याकडचे हमखास उत्तर असते, 'आम्हाला उन्हाचे काय सांगता? आम्ही अकोल्याचे.' त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शरीर उष्णतेला सरावते. सराव होताना घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते आणि रक्ताचे प्रमाण थोडे वाढते. हा सराव व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, वय वाढलेले असेल तर आणखी जास्त. उष्णतेपासून दूर गेल्यावर तो काही आठवड्यांत ओसरतोही. वातानुकूलित पुण्या-मुंबईत वर्ष काढलेल्या आजोबांच्या अंगात लहानपणीचे अकोला शिल्लक नसते. शिवाय अकोल्याचा माणूस मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता आठ किलोमीटर चालत नाही. तो कूलर लावून, पडदे ओढून घरात बसतो. पर्यटक झाल्यावर हे शहाणपण सुटते, कारण तिकिटावर वेळ छापलेली असते.

सरावाचे महत्त्व स्पेनच्या आरोग्य खात्यानेही जाणले आहे. २०२४ पासून तिथे इशारे देण्यासाठी देशाचे १८२ विभाग पाडले आहेत आणि प्रत्येकाची धोक्याची मर्यादा वेगळी ठेवली आहे. उत्तरेला अस्तुरियासच्या किनाऱ्यावर सुमारे २४ अंशांना इशारा लागू होतो, तर कॉर्डोबाच्या पठारी भागात ४० अंश ओलांडल्यावर. म्हणजे कॉर्डोबात इशारा नाही याचा अर्थ तिथे जन्म काढलेल्या माणसाला फारसा धोका नाही, एवढाच. परवा विमानातून उतरलेल्या पाहुण्यासाठी ती मर्यादा नाही. सेव्हिलने तर २०२२ पासून उष्णतेच्या लाटांना वादळांसारखी नावे द्यायला सुरुवात केली; पहिलीचे नाव होते 'झोई'. लोकांनी इशारा गांभीर्याने घ्यावा यासाठीची ही धडपड होती.

कोकण आणि मुंबईच्या माणसांना आणखी एक गोष्ट फसवते. आपण उष्णता मोजतो चिकचिकीवरून. सदरा अंगाला चिकटला की उकडते आहे असे आपण म्हणतो. अंदालुसियाच्या आतल्या भागात उन्हाळ्यातली हवा कोरडी असते. घाम येतो आणि आल्याआल्या उडून जातो. त्वचा कोरडी राहते, सावलीत तर बरे वाटते, 'आपल्यापेक्षा इथे सुखद आहे' असे वाटू लागते आणि तोवर शरीरातून बरेच पाणी निघून गेलेले असते. वय झालेल्या माणसाला तहानही उशिरा लागते. मेंदूतली तहानेची जाणीव मंदावलेली असते आणि मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमता उतरलेली असते. त्यामुळे 'तहान लागली की पिऊ' हा नियम त्यांच्या उपयोगाचा नाही.

आता घड्याळाकडे येऊ, कारण दक्षिण स्पेनमध्ये दिवस आखताना सगळ्यात मोठी गफलत इथे होते. नकाशावर स्पेन ब्रिटनच्या खाली आहे, पण तिथले घड्याळ जर्मनीचे आहे. १९४० च्या मार्चमध्ये फ्रँको राजवटीने ते एक तास पुढे नेले आणि मग मागे आणलेच नाही. उन्हाळ्यात त्यावर आणखी एक तास चढतो. परिणाम असा की जुलैमध्ये सेव्हिलमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी अडीचच्या सुमारास. मुंबईत तो पाऊण वाजता येतो. म्हणजे उन्हाच्या हिशेबात सेव्हिलचे चार म्हणजे आपले सव्वादोन. 'चार वाजले, आता ऊन उतरले' म्हणून आईला घेऊन बाहेर पडणारा मुलगा तिला भर दुपारीच बाहेर काढत असतो. दिवसाचे सर्वाधिक तापमान तिथे संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान असते आणि जूनअखेर सूर्य मावळतो पावणेदहाच्या आसपास. दुकाने दुपारी बंद होणे, जेवण दहाला होणे, लहान मुले रात्री अकराला चौकात खेळत असणे, या गोष्टींना आपण 'स्पॅनिश लोकांची मजा' म्हणतो. त्यांमागे ऊन आणि घड्याळ यांचे हे त्रांगडेही आहे.

मग सहल संथ कशी करायची? बहुतेक जण 'ठिकाणे कमी करू' एवढ्यावर थांबतात. मला वाटते, मोजायची गोष्ट ठिकाणे नव्हेत. एका दिवसात शरीराला किती वेळा स्वतःला सावरावे लागते, ती आहे. हॉटेल बदलणे, सकाळी सातला बॅगा दाराबाहेर ठेवणे, रोज नव्या पलंगावर झोपणे, रोज नव्या न्हाणीघरात रात्री चाचपडत जाणे, यातला प्रत्येक प्रसंग सत्तरीनंतर महाग पडतो. माद्रिद, टोलेडो, कॉर्डोबा, सेव्हिल आणि ग्रॅनाडा आठवडाभरात उरकणारा कार्यक्रम 'ज्येष्ठांसाठी खास' असे लेबल लावून विकला, तरी तो ज्येष्ठांसाठीचा होत नाही. एका गावी किमान तीन रात्री, दोन दिवसांच्या भटकंतीनंतर एक रिकामा दिवस आणि दिवसातून एकच ठरलेली वेळ, इतके केले तरी निम्मे काम होते.

दक्षिण स्पेन यासाठी सोयीचाही आहे. माद्रिद ते सेव्हिल ही वेगवान रेल्वे १९९२ पासून धावते; अडीच तासांचा प्रवास. सेव्हिल ते कॉर्डोबा पाऊण तास. म्हणजे सेव्हिलमध्ये मुक्काम ठेवून कॉर्डोबा एका सकाळीत पाहून परतता येते, बॅगा न हलवता. कॉर्डोबाची मेस्किटा, म्हणजे आठव्या शतकात सुरू झालेली मशीद आणि तिच्याच पोटात नंतर उभे राहिलेले कॅथीड्रल, ही वयस्कर माणसाला दाखवायला आदर्श वास्तू आहे. आत जमीन सपाट, जाड भिंतींमुळे गारवा, साडेआठशेहून अधिक खांबांची सावली. सेव्हिलच्या हिराल्दा मनोऱ्याची गोष्ट उलट. आत पायऱ्यांऐवजी ३५ उतरणी आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून बांधलेल्या, असे सांगतात. 'पायऱ्या नाहीत म्हणजे सोपे' असे समजून वडिलांना वर नेणारे बरेच असतात. चढ तो चढच. मनोऱ्यात लिफ्ट नाही आणि गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते.

ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्राला वेगळी तयारी लागते. तिकीट नावानिशी असते आणि नसरी राजवाड्यात दिलेल्या वेळेलाच प्रवेश मिळतो. मुख्य प्रवेशद्वारापासून तो राजवाडा बराच लांब आहे. ही वेळ चुकू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाला पळवणारी कुटुंबे हे तिथले नेहमीचे दृश्य. आधीच काढलेले तिकीट असेल तर न्याय दरवाजातून आत जाता येते आणि तिथून राजवाडा जवळ पडतो. शहरातून वर येणारी छोटी बस याच बाजूने जाते. राजवाडा पाहून झाल्यावर विसावा घ्यावा. हेनेरालिफे बागा जमल्या तर पाहाव्यात, नाही जमल्या तर सोडून द्याव्यात. समोरच्या अल्बायसिन टेकडीवरच्या गल्ल्या गोट्यांनी जडवलेल्या आणि चढाच्या आहेत. तिथे टॅक्सीने जाऊन एका चौकात बसून अल्हाम्ब्रा पाहणे हेच उत्तम.

या सगळ्यांत माझा कौल कादिझला आहे. आपल्या सहलींच्या यादीत ते क्वचितच असते. तिन्ही बाजूंनी अटलांटिक, सपाट जुने शहर, चौकाचौकांत बाक. ऑगस्टमध्ये सेव्हिलचे सरासरी कमाल तापमान ३५-३६ अंश असताना कादिझमध्ये ते २८ च्या आसपास असते. सेव्हिलहून रेल्वेने पावणेदोन तासांत पोहोचता येते. मे-जूनखेरीज पर्यायच नसेल तर मुक्काम कादिझला हलवावा आणि सेव्हिलला एक सकाळ द्यावी. पूर्वेचा वारा सुटला की मात्र दोन दिवस बाहेर बसवत नाही, हे तिथे गृहीत धरावे लागते.

औषधांचा विषय प्रवासाआधी महिनाभर डॉक्टरांकडे काढावा. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी गोळी, 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने शेवट होणारी औषधे, मधुमेहावरची डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही अलीकडची औषधे यांच्यासोबत शरीरातले पाणी कमी झाले की रक्तदाब एकदम उतरू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. वारंवार लघवी होण्यावरची काही औषधे आणि सर्दीवरच्या जुन्या गोळ्या घामच कमी करतात. बीटा ब्लॉकर हृदयाची गती वाढू देत नाहीत. यांतले काहीही स्वतःहून बंद करायचे नाही. जुलाब झाले, उलट्या झाल्या किंवा उन्हाचा दिवस कडक निघाला तर कोणती गोळी थांबवायची आणि किती दिवस, हे मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. उलट टोकही आहे. 'भरपूर पाणी प्या' म्हणून नुसते पाणी पाजत राहिले, तर लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धांत सोडियम घसरते आणि त्यातून गोंधळलेपण येते. हृदय कमकुवत असेल तर पाण्याचे प्रमाणही ठरवूनच घ्यावे लागते. टोमॅटो-काकडीचे थंडगार गास्पाचो सूप यासाठी उत्तम, पाणी आणि मीठ दोन्ही देणारे. शाकाहारी मंडळींनी 'सिन हामोन', म्हणजे हॅमविना, एवढे दोन शब्द पाठ करावेत. साल्मोरेहो या दाट सुपावर तर हॅम आणि उकडलेले अंडे भुरभुरवलेलेच असते.

जेवणाच्या वेळा मधुमेहींसाठी स्वतंत्र डोकेदुखी आहे. स्पॅनिश हॉटेलांचे स्वयंपाकघर दुपारी दोननंतर आणि रात्री साडेआठनंतर तापते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन आई वाट पाहत बसली आणि ताट तासाभराने आले, तर साखर घसरते. घाम, थरथर, चिडचिड हे सगळे 'उन्हाने झाले' म्हणून दुर्लक्षिले जाण्याची भीती असते. गोळी घड्याळाकडे पाहून घेऊ नये, ताट समोर आल्यावर घ्यावी. मोठे जेवण दुपारी करावे आणि रात्री खोलीवर हलके काही खावे. इन्सुलिन चेक-इन बॅगेत गोठू शकते आणि ३० अंशांवर खराब होते, म्हणून ते नेहमी हातातल्या पिशवीत हवे. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकाच वेळी गेली. रेल्वेगाड्या मध्येच थांबल्या, लिफ्ट अडकल्या आणि काही भागांत पहाटेपर्यंत अंधार होता. तेव्हापासून दोन दिवसांची औषधे, पाणी, बिस्किटे आणि डॉक्टरांनी मूळ औषधनामे लिहून दिलेली चिठ्ठी अंगावरच्या पिशवीत ठेवणे ही अतिकाळजी राहिलेली नाही. आपल्याकडची तीन औषधांची एकत्र गोळी तिथल्या दुकानात त्या नावाने मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, कारण घरात ती कोणी बोलत नाही. अनेक आया प्रवासात पाणी पीत नाहीत ते स्वच्छतागृहाच्या धास्तीने. मुलाला किंवा जावयाला पुन्हा पुन्हा 'थांब' म्हणायचा संकोच वाटतो. स्पेनमध्ये उपाय सोपा आहे. दर कोपऱ्यावर कॅफे आहे. एक कॉफी मागवावी, बसावे आणि आत जाऊन यावे. हे थांबे आधीच कार्यक्रमात लिहून ठेवले, दर तास-दीड तासाला, तर मागायची वेळच येत नाही. तसेच 'मी इथेच बसते, तुम्ही बघून या' हे वाक्य पहिल्या दिवशी समजूतदारपणा असते. तिसऱ्या दिवशीही ऐकू आले तर त्याचा अर्थ थकवा, चक्कर किंवा गुडघेदुखी असा घ्यावा. वृद्धांमध्ये उष्णतेचा त्रास ताप येऊन दिसेलच असे नाही. गप्प होणे, शब्द चुकणे, लघवी कमी होणे, उठताना तोल जाणे, एवढ्याच खुणा असतात. अशा वेळी सावली, थंड पाण्याचा हबका आणि वारा द्यावा. बोलण्यात गोंधळ असेल तर ११२ वर फोन करावा, तो कोणत्याही मोबाईलवरून मोफत लागतो.

पडण्याची भीती उन्हाहून कमी नाही. दगडी गल्ल्यांत प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग जमीन धूसर दाखवतो आणि पायरी चुकते. चालण्यासाठी फक्त लांबचा साधा चष्मा वेगळा करून घेतलेला बरा. हॉटेल निवडताना खिडकीतून काय दिसते यापेक्षा लिफ्ट आहे का आणि न्हाणीघरात उंच काठाचा टब आहे की सपाट शॉवर, हे विचारावे. जुन्या वाड्यांतल्या सुंदर भाड्याच्या घरांत बहुधा लिफ्ट नसते.

विमानप्रवासाबद्दल थोडक्यात. चार तासांहून लांबच्या प्रवासाने पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात २००७ मध्ये दिसले होते. मूळ धोका लहान असल्याने घाबरायचे कारण नाही, पण पूर्वी गुठळी झालेल्यांनी डॉक्टरांशी बोलावे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. रांगेत उभे राहावे लागेल असे धरूनच चालावे. युरोपीय विमानतळांवर चाकाच्या खुर्चीची मदत मोफत असते, ४८ तास आधी कळवायचे. ती मागण्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. शेंगेन व्हिसासाठी ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, पण व्हिसा मिळण्यापुरता विमा आणि उपयोगी पडणारा विमा यांत फरक असतो. स्वस्त योजनांत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात किंवा जिवावर बेतल्यावरच धरले जातात. सत्तरीत आधीपासूनचे आजार नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तेवढे कलम तरी वाचून सही करावी.

जायचे कधी, याचे उत्तर मला दिवाळीनंतर असे वाटते. सेव्हिलचे सरासरी कमाल तापमान ऑक्टोबरमध्ये २६ आणि नोव्हेंबरमध्ये २० अंश असते. ग्रॅनाडा ७०० मीटरहून उंचावर असल्याने तिथे रात्री स्वेटर लागतो. फेब्रुवारीअखेर ते मार्च हा दुसरा काळ. तेव्हा संत्र्याच्या झाडांना मोहोर येऊ लागतो. ईस्टरचा आठवडा गर्दीमुळे टाळावा. निघण्याआधी घरीच एक चाचणी घ्यावी. सलग तीन दिवस, सकाळी दीड तास आणि संध्याकाळी एक तास, आई-बाबांनी त्यांच्या वेगाने चालावे. चौथ्या सकाळी ते कसे उठतात, ते पाहून कार्यक्रमातले काय खोडायचे ते ठरवावे. ऑक्टोबरमध्ये गेलात तर एक लक्षात ठेवा. तिथे उजाडते सव्वाआठनंतर, त्यामुळे आपल्या सवयीने पहाटे उठलेल्या बाबांना काळोखात एकटे फिरायला सोडू नका. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते आणि भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. गोळ्यांच्या डबीवरच्या वेळा त्या रात्री पुन्हा लिहाव्या लागतील.